चोणक मोठा तर सोडा, तांबोशी लहान तर सोडा

गुरुवार, रात्री

अखेर आज आमच्या हौशी गरवणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठकीत ठरलं. यंदाच्या स्पर्धेत काटा नाही. मासा तोलायचा नाही, मोजायचा. आणि मोजून झाला की पुन्हा पाण्यात सोडायचा. दोन वर्षं हा विषय दर बैठकीत निघत होता आणि चहा आला की मागे पडत होता. आज चहा उशिरा आला, त्यामुळे विषय तडीस गेला.

आतापर्यंतची रीत अशी की पहाटे गरवायला बसायचं, दुपारी बर्फाच्या पेट्या टेबलावर आणायच्या आणि सगळ्यांत जड मासा काट्यावर चढला की टाळ्या. बक्षीस वजनाला, म्हणून प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे मोठा चोणक. मला हे फार दिवस टोचत होतं. कारण चोणकाची जीवनरीतच अशी आहे की, मोठा मासा मारला की नदीचं नुकसान सगळ्यांत जास्त होतं.

चोणक, म्हणजे रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तो, आधी नर म्हणून वयात येतो. तीन-चार वर्षांचा होतो तेव्हा तो नर असतो. पुढे वाढत राहिला, साधारण पाच ते सात वर्षांचा झाला, की त्याची मादी होते. म्हणजे ज्याच्यासोबत आपण फोटो काढतो, ज्याच्या वजनावर चषक मिळतो, तो हातात न मावणारा मासा जवळजवळ नेहमी मादीच असते. तिच्या पोटात लाखो अंडी असतात. पावसाळ्यात ती नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात अंडी सोडते आणि पिल्लं भरतीबरोबर आत येतात, खारफुटीत, खाजनांत म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनींत, मानशीच्या म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या पलीकडच्या निवांत पाण्यात. अशा दोन-चार माद्या काट्यावर गेल्या की पुढच्या पावसात मुखाशी काय उरतं?

तांबोशी या दुसऱ्या माशाचं गणित बरोबर उलटं. तिची पिल्लं खारफुटीच्या मुळांत आणि पुलाच्या खांबांपाशी वाढतात, आणि वयात आल्यावर बाहेर समुद्रात, खडकाळ तळाकडे जातात. अंडी घालायची ती तिथे. म्हणून नदीत गरीला लागणारी तांबोशी बहुतेक वेळा एकदाही अंडी न घातलेली असते. तिथे लहान सोडायची.

यावर एक सभासद वैतागले. "एकाला मोठा सोडा म्हणता, दुसरीला लहान सोडा म्हणता. पहाटे पाच वाजता झोपेतल्या माणसाच्या हे लक्षात राहणार आहे का?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून मोजपट्टीवरच रंग द्यायचं ठरलं. चोणकाच्या पट्टीवर साठ सेंटीमीटरपर्यंत लाल, साठ ते ऐंशी हिरवं, ऐंशीच्या पुढे पुन्हा लाल. तांबोशीच्या पट्टीवर पन्नासपर्यंत लाल. हिरव्यात बसला तर घरी न्यायला माणशी एक मासा. हे नियम सरकारी नाहीत, आमचे आम्ही स्वतःवर घालून घेतलेले आहेत.

घरी एक मासा न्यायची सवलत असावी असा आग्रह मीच धरला. सोमवार सोडला तर आमच्याकडे हुमणाशिवाय, म्हणजे माशाच्या कालवणाशिवाय, ताट पुरं होत नाही. मासे खाऊ नका असं गोव्यात सांगणारी संघटना मला नको आहे आणि ती चालायचीही नाही.

"फोटोवर विश्वास कोण ठेवणार?" हा दुसरा आक्षेप. हात लांब करून कॅमेऱ्यापुढे धरला की वीतभर मासा हातभर दिसतो, हे खरंच आहे. म्हणून मासा पट्टीवर आडवा, तोंड शून्याला टेकलेलं आणि शेजारी सकाळी वाटलेला टोकन क्रमांक. तो क्रमांक स्पर्धा सुरू होईपर्यंत कोणालाच माहीत नसेल.

स्वयंसेवकांची यादी करताना अडचण आली ती निराळीच. वाड्यावाड्यांत दिवाळीचे नरकासुराचे पुतळे उभे राहताहेत. आमची अर्धी मुलं रात्री एकपर्यंत कागद आणि खळ घेऊन बसलेली असतात. तरी येतो म्हणाली.

रविवार, संध्याकाळ

मान आणि पाठ दोन्ही दुखताहेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे साडेचारला मोरजीच्या बाजूने उत्तर गोव्यातल्या शापोरा नदीच्या मुखाशी पोचलो. पलीकडे शापोऱ्याच्या जेटीवरचे दिवे. भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, नुकतं सरलेलं, उधाणाला अजून तीन-चार दिवस. पाणी सावकाश चढत होतं. आठच्या सुमारास भरती भरली आणि मग ओहोट लागला. गरवणारी माणसं ओहोटाचीच वाट बघत असतात. आतल्या खाड्यांतून लहान मासळी आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, पाण्याबरोबर बाहेर येतात आणि चोणक मुखाशी प्रवाहाच्या आडोशाला दबा धरून बसतो.

माझ्याकडे नोंदवही. शिवाय सुरुवातीला सगळ्यांना गोळा करून सोडण्याची रीत दाखवायची होती. शाळेत शिकवत असल्यामुळे हे काम माझ्याकडेच येतं. नदीवरही सगळे मला 'बाई' म्हणतात, माझ्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा. सांगितलं ते एवढंच. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो. पट्टीवरही आधी बादलीभर पाणी ओता. चोणकाला जबड्याला धरून उभा लटकवू नका, सगळं वजन मानेच्या सांध्यांवर येतं. एक हात पोटाखाली हवाच. कल्ल्याची कड धारदार असते, तिथे बोट घालू नका. गरी खोल गिळली असेल तर उपटू नका, दोर तोंडाशी कापा. सर्कल हूक वापरला तर ती वेळ सहसा येतच नाही, तो जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. आणि काटेदार गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. यावर कुरकुर झाली. काटा दाबला की मासा सुटतो, असं सगळ्यांना वाटतं. दोर ढिला सोडला नाही तर सुटत नाही.

पहिले काही तास बारकी मासळी सोडून काही नाही. मग साडेनवाला, ओहोट जोरात असताना, एका कॉलेजच्या मुलाचा रॉड वाकला. रात्री नरकासुराला हात लावून आलेला, बोटांना अजून रंग. मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला, डोकं झाडलं. मुलाने घाई केली नाही, पण उगाच लांबवलंही नाही, आणि हे मला फार आवडलं. जितका वेळ झुंजवाल तितका तो थकतो आणि सोडल्यावर जगण्याची शक्यता कमी होते. किनाऱ्याला आला तसे दोघेजण गुडघाभर पाण्यात उतरले, ओली पट्टी पुढे केली. चोणकाची शेपूट गोल असते, म्हणून सरळ टोकापर्यंत मोजायचं. चौऱ्याण्णव सेंटीमीटर.

कोणीतरी म्हणालं, "फोटो नीट आला नाही, परत उचल." मी नको म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं. मुलाने तिचं तोंड प्रवाहाकडे केलं, पोटाखाली हात ठेवून धरून राहिला. कल्ले हलत होते पण अंगात जोर नव्हता. किती वेळ गेला मी बघितलं नाही. सगळे गप्प होते. मग शेपटीचा एक फटका बसला, मुलाच्या तोंडावर पाणी उडालं आणि ती गेली.

शेजारीच आपली लहान होडी वाळूवर ओढून एक काका पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, झाडत बसले होते. सकाळपासून त्यांनी शेवटे, म्हणजे बोय मासे, काढले होते, बऱ्यापैकी. हा सगळा प्रकार त्यांनी पाहिला आणि मला विचारलं, "बाई, तुमी नुस्तें सोडून दितात? मागीर धरतात कित्याक?"

विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. मी माद्यांचं, अंड्यांचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मोठ्या चोणकाच्या पोटात गाबोळी असते हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून माहीत. पण त्यांचा प्रश्न तो नव्हताच. सोडायचंच असेल तर धरायचं कशाला, असं ते विचारत होते, आणि त्याला मी तिथे उत्तर दिलं नाही.

सोमवार, रात्री

वही संगणकावर उतरवत बसले आहे आणि काकांचा प्रश्न डोक्यात आहे.

धरण्यात आनंद आहे, हे आधी सरळ मान्य करायला हवं. अंधारात दोर बोटावर धरून बसलं की पाण्याखाली काय चाललंय ते हाताला समजायला लागतं. प्रवाह कुठे वळतो, तळाला वाळू आहे की खडप, बारकी मासळी कधी बिथरली. हे मला दुसऱ्या कशातून मिळालेलं नाही. पण हा आनंद आपण दुसऱ्याच्या शेतात उभं राहून घेतो आहोत, हेही तितकंच खरं. काकांचं पोट त्या नदीवर आहे, आमची फक्त सुटीची सकाळ. म्हणून हौशी माणसाने नदीवर हक्क सांगण्याआधी तिचं काहीतरी काम करावं. संघटनेत मी येते ती एवढ्यासाठी. चषकाच्या दिवशी मी आले नाही तरी चालेल, वही मात्र मी सोडणार नाही.

हे लोक नसते तर किनारा आज निराळा असता. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला घासून जाऊ लागले तेव्हा गोव्याचे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, रस्त्यावर उतरले. त्या लढ्यानंतर १९८० चा सागरी मासेमारी कायदा आला आणि किनाऱ्यालगतचं पाणी लहान मच्छीमारांसाठी राखलं गेलं. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली, तिच्या मागेही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार होती. आमच्यासारखे रॉडवाले या सगळ्यात कुठेच नव्हते. पाणी राखलं त्यांनी, गरी टाकतो आम्ही. एलईडीचा विषय पुन्हा निघेल तेव्हा संघटनेने त्यांच्या बाजूने निवेदनावर सही करावी, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी बैठकीत मांडणार आहे.

आता वहीबद्दल. जुन्या स्पर्धांच्या फायली मागवून बघितल्या. प्रत्येक वर्षी विजेत्याचं नाव, माशाचं वजन आणि पाहुण्यांच्या भाषणाची बातमी. बाकी काही नाही. किती माणसं किती तास बसली, त्यांतल्या किती जणांना काहीच लागलं नाही, हे कोणी लिहिलेलंच नाही. नदीची तब्येत कळते ती मात्र याच रिकाम्या तासांवरून. एक मोठा मासा कधीही, कोणत्याही वर्षी लागू शकतो. पण तेवढीच माणसं, तोच मोसम, तीच जागा आणि तेवढेच तास असताना हाती येणारं कमी होत गेलं, तर ते लपत नाही.

लोकांना रिकामा तास लिहायची लाज वाटते. काल दोघांनी रकाना कोरा ठेवून कागद परत दिला. मी त्यांना बसवून शून्य लिहायला लावलं. त्यांतला एक म्हणाला, "बाई, शून्य लिहून काय उपयोग?" मी म्हटलं, "तुम्ही सहा तास बसलात ना? मग ते सहा तासांचं शून्य आहे, त्याची किंमत आहे." पटलं की नाही ठाऊक नाही, पण लिहिलं. यंदा सगळ्यांचे तास, लांबी, जागा, भरती की ओहोट आणि सोडला की ठेवला, असं सगळं एकत्र आलं आहे. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या कोणाला तरी हे कागद दाखवून, रकाने बरोबर आहेत का ते विचारायचं आहे. दहा वर्षं टिकवायची वही असेल तर चुकीचे रकाने पहिल्याच वर्षी दुरुस्त व्हायला हवेत.

बुधवार

शाळेला सुटी लागली. सकाळी मुलांना घेऊन शिवोलीच्या पुलाखाली आणि नंतर मोरजीच्या वाळूवर तुटलेला दोर गोळा केला. नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला मोरजीला येऊ लागतात, त्याआधी हे व्हायला हवं. नायलॉनचा दोर पाण्यात दिसत नाही आणि लवकर कुजतही नाही. खडपाला अडकलेल्या एका गुंत्यात समुद्रपक्ष्याचा पाय होता, नुसता पाय. नववीतली एक मुलगी तो गुंता सोडवत बराच वेळ बसली. हा दोर मच्छीमारांच्या जाळ्यांचा नव्हता. बराचसा रॉडचा, म्हणजे आमच्याच जातीचा. जेटीवर दोर टाकायला एक नळकांडं बसवून हवं, झाकण असलेलं, वारा लागणार नाही असं. खर्च फार नाही.

पाग टाकणारे काका पुन्हा भेटले. मुलांना पाग कसा फेकतात ते दाखवायला शाळेत याल का, असं विचारलं. येतो म्हणाले, तुळशीच्या लग्नानंतर.

पुढच्या बैठकीसाठी अजून एक प्रस्ताव. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते ती मुख्यतः यांत्रिक होड्यांसाठी. पण चोणक मुखाशी अंडी घालायला येतो तो पावसाळ्यातच, आणि नेमके तेव्हाच आमचे लोक ओल्या खडपांवर उभे राहून गरी टाकतात. लाटेने माणूस ओढून नेल्याच्या बातम्या येतात त्या याच महिन्यांत. तेव्हा ते दोन महिने संघटनेच्या एकाही सभासदाने मुखाशी आणि खडपांवर गरवायचं नाही, असा ठराव. विरोध होईल, कारण पहिल्या पावसानंतरच्या मासळीची ओढ फार असते. ठराव लिहून झाला आहे. अनुमोदन हवं, चौऱ्याण्णव सेंटीमीटरवाल्या मुलाला उद्या फोन करून विचारते.