सात खडे

आमच्याकडे गौर खड्यांची. मुखवटे नाहीत, साडी नेसवणं नाही. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर घरातल्या मुली पऱ्यावर जातात, वाहत्या पाण्यातून सात खडे उचलतात आणि तबकातून घरी आणतात. तीच गौर.

लहानपणी मला त्या निवडीचंच नवल वाटायचं. एवढ्या दगडगोट्यांतून नेमके सात कुठले? आजीला विचारलं तर म्हणायची, "टवका उडालेला नको गो." एवढंच. काकू मात्र पोटरीभर पाण्यात वाकून एकेक खडा उचलायची, अंगठ्याने पुसायची, परत ठेवायची. बाजारात वांगी निवडतानाही तिचं हे असंच. पाण्याखाली सगळेच खडे देखणे: काळे, निळसर, मधूनच एखादी पांढरी गारगोटी. तो काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, हे पुढे कॉलेजात कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की हातात वाळला की खड्याचा रंग उतरतो आणि थेंबभर पाणी पडलं की परत येतो.

ज्या वर्षी पहिल्यांदा तबक माझ्याकडे आलं, त्या वर्षी तोंडात पाण्याची चूळही आली. घर येईपर्यंत बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच. पण बोलता येईना म्हणून मी बघत चालले. पायवाटेच्या दोन्ही अंगांना तेरडा नुसता उसळला होता. रोज शाळेत जायची वाट ती, आणि तेरडा काय त्या सकाळी उगवला नव्हता. शेजारच्या वाडीत तर गौर तेरड्याचीच असते, मुळांसकट उपटून आणलेली. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण नाकं मुरडून म्हणतो. गौरही तीनच दिवस राहते, तिला नाही कुणी बोलत!

दारात पायांवर दूध-पाणी घातलं, हळदीकुंकवाच्या पावलांवरून गौर घरभर फिरली. "गौर आली, कशाच्या पावली?" "सोन्यामोत्याच्या पावली!" दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं. तबकात मात्र तेच सात खडे, हळदीकुंकवाने माखलेले. घाटलं वाढून घेताना मी दोनदा वळून पाहिलं, खरंच सांगते.

तिसऱ्या दिवशी ते पऱ्यात परत गेले. पाण्याने हळद क्षणात धुऊन नेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी मुद्दाम तिथे उतरले. सातांतला निदान एक तरी ओळखू येईल अशी खात्री होती. एकही ओळखू येईना. सगळेच तसे दिसत होते. चुलतभावाने सवयीने एक चपटा गोटा माझ्या हातात दिला. पाण्यावर कुणाचा जास्त टप्पे घेतो, ही आमची नेहमीची पैज. मी तो उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने पुसला आणि वाकून होता तिथे ठेवला.

"हरलीस," तो म्हणाला.