सतरा सप्टेंबरचा कोड

सामान्य नागरिकांना राज्यघटना, राज्यकारभार आणि देशाचा इतिहास कितपत ठाऊक आहे, हे पाहणाऱ्या एका सर्वेक्षणासाठी मी घरोघरी फॉर्म भरत फिरत होते. मतदार यादीतून नावं आधीच काढलेली असतात. ज्याचं नाव निघालं त्यालाच विचारायचं, शेजारून कुणाला उत्तर सांगू द्यायचं नाही. टॅबवर कोड तीनच: बरोबर, चूक, माहीत नाही. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष चालू होतं आणि माझ्या वाट्याला हदगाव तालुक्यातलं पैनगंगेकाठचं एक गाव आलं होतं.

पहिलं नाव एका बाईंचं निघालं. कापूस वेचायला निघाल्या होत्या. "मला काय कळतंय मॅडम, मालकाला विचारा." हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं, आणि दर वेळी मी मालकांना थोडं लांब बसवते. राष्ट्रपतींना कोण निवडतं? माहीत नाही. राज्यसभेच्या सदस्याची मुदत? माहीत नाही. मूलभूत कर्तव्यं किती? माहीत नाही. मतदानाचं वय तेवढं चटकन सांगितलं. फॉर्म बंद केला, पाणी प्यायले आणि निघता निघता विचारलं, ग्रामसभेला जाता का?

"जाते की. पण पहिल्या सभेला कोणी येतच नाही. शंभर माणूस भरलं नाही की सभा तहकूब. मग दुसऱ्या बारीला दहा जण असले तरी ठराव पास. म्हणून मी दुसरी सभा चुकवत नाही."

मी उभीच राहिले. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अटच नाही, हा महाराष्ट्रातला नियम. गावचे पैसे कुठे खर्च व्हायचे हे कितीदा तरी त्या दुसऱ्या सभेतच ठरतं. बाईंना ते नेमकं ठाऊक होतं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, हेही त्यांनी सांगितलं. एकदा ती न घेताच रजिस्टर सहीला आलं होतं. बायकांनी सह्या दिल्या नाहीत. माझ्या टॅबवर यातल्या कशालाही रकाना नव्हता.

दुपारचं नाव एका आजोबांचं होतं. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान थोडे जड, आवाज मात्र खणखणीत. नातू पोलीस भरतीची तयारी करणारा, ओसरीवरच पुस्तक घेऊन बसलेला. माझा प्रश्न पुरा होण्याआधी त्याचं उत्तर तयार असायचं. मूळ घटनेत ३९५ कलमं, ८ परिशिष्टं. मूलभूत कर्तव्यं ११, त्यांतली १० बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली, अकरावं २००२ साली. सगळं अचूक. पण यादीत नाव आजोबांचं होतं, म्हणून त्याला गप्प बसवलं आणि पुढचा प्रश्न वाचला: आपल्याला स्वातंत्र्य कोणत्या तारखेला मिळालं?

"सतरा सप्टेंबर, अठ्ठेचाळीस साल."

"आबा, पंधरा ऑगस्ट म्हणा ना!" नातू ओरडलाच.

"ते नदीपल्याड. हितं न्हाई."

मग त्यांनी जे सांगितलं त्याला अर्धा-पाऊण तास लागला आणि मी त्यांना एकदाही थांबवलं नाही. पैनगंगेच्या पलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. तिथे १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा लागला. अलीकडे निजामाचं राज्य, इथे झेंडा हातात घेणाऱ्याला धरून नेत. या लढ्याचे नेते खुद्द स्वामी रामानंद तीर्थ, त्यांनाही त्याच दिवशी अटक झाली. रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा, जोर वाढला तेव्हा आजोबा आईबरोबर रात्री नदी उतरून उमरखेडच्या कॅम्पात गेले. "करोडगिरीच्या, म्हंजे जकातीच्या, नाक्यावरून जायचं नव्हतं, म्हणून वरल्या अंगानं उतरलो. आईच्या कनवटीला हाली रुपये. पल्याड गेलं की कलदार लागायचे, आमच्या पैशाला कोणी पुसंना." निजामाचं स्वतःचं चलन होतं, त्याला लोक हाली सिक्का म्हणत; कलदार म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातला रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार. आजोबांना तो भाव अजून पाठ होता.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर ते परत गावात आले. पुढे हेच गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबईत आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. नातवाने यातली प्रत्येक तारीख पुस्तकात वाचली होती. आपली पणजी कमरेला पैसे बांधून ती नदी उतरली होती, हे मात्र तो पहिल्यांदा ऐकत होता. पुस्तक त्याने केव्हा मिटून ठेवलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

मी ओसरीवरूनच सुपरवायझर सरांना फोन लावला. नियमावलीप्रमाणे उत्तर 'चूक' धरायचं, असं ते म्हणाले. मी म्हणाले, सर, दर १७ सप्टेंबरला इथे सरकारी झेंडावंदन होतं, आणि त्या माणसाच्या तोंडावर मी चूक कशी नोंदवू? देशाची तारीख १५ ऑगस्टच आहे, याबद्दल वाद नाही. पण माणसाला इतिहास कळतो का हे तपासायला निघालो आणि ज्याने तो अंगावर घेतला त्यालाच नापास केलं, तर आपली आकडेवारी खोटी ठरेल. गोव्यात एखाद्या आजींनी १९ डिसेंबर १९६१ म्हटलं तर तेही चूकच धरायचं का? सर जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, कोड बदलता येणार नाही, शेऱ्यात सगळं लिहा, मी वर पाठवतो.

मी लिहिलं. उमरखेडचा कॅम्प, हाली-कलदारचा भाव, सगळं. शेऱ्याची जागा संपली तेव्हा उरलेलं कागदावर लिहून जोडलं. त्यातच सकाळच्या बाईंचं दुसऱ्या सभेचं गणितही घातलं.

पुढच्या फेरीच्या फॉर्मात त्या प्रश्नाखाली मराठवाड्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ असा वेगळा कोड आला. ग्रामसभेवर अजून एकही प्रश्न नाही. मी तीन सुचवून पाठवले आहेत: तुमच्या गावात शेवटची ग्रामसभा कधी झाली, ती तहकूब झाली होती का, आणि दुसऱ्या सभेला तुम्ही होतात का?