तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारी शटर बंद का?

"ताई, रविवारी काऊन बंद ठेवता जी? आमाले तं रविवारीच सवड भेटते."

नागपुरात कमाल चौकाच्या अलीकडे माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि हा प्रश्न मला सतत विचारला जातो. कोणी प्रेमानं विचारतं, कोणी वैतागून. एकीनं तर सरळ म्हटलं, "धंदा करायचा आहे की नाही तुम्हाले?" गळ्यात टेप, दातात टाचणी आणि समोर चार जणी उभ्या, अशा वेळी मी "सुट्टी असते" एवढंच म्हणते. पण ते काही उत्तर नव्हे. खरं उत्तर लांब आहे, म्हणून लिहून काढते.

धंद्याच्या हिशेबानं बघितलं तर रविवार हाच आमचा सोन्याचा दिवस. नोकरीवाल्या बायका मोकळ्या असतात, सोबत बहीण किंवा सासू असते, दोन ब्लाउज टाकायला आलेली बाई पाच टाकून जाते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे लग्नं. त्यात १४ एप्रिलच्या आधी पांढऱ्या-निळ्या कपड्यांची घाई, पुन्हा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून पांढऱ्या साडीवरचे ब्लाउज. या दिवसांत रविवारी शटर वर केलं तर चांगले पैसे सुटतील, हे मला पुरतं ठाऊक आहे. काही गिऱ्हाइकं याच कारणानं दुसरीकडे गेली, तेही ठाऊक आहे. तरी बंदच ठेवते. उपास नाही, व्रत नाही, तब्येतही ठणठणीत आहे.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये मागावर होते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती मिल. २००२ मध्ये ती बंद झाली आणि आता गांधीसागरजवळच्या त्या जागेवर मॉल आहे. आमच्या घरी घड्याळ होतं, पण दिवस चालायचा तो भोंग्यावर आणि बाबांच्या पाळीवर. पाळी बदलली की सगळ्या घराचं जेवण, झोप, आमचं मोठ्यानं वाचणं, सगळं बदलायचं. रातपाळीच्या आठवड्यात आम्ही पोरं दुपारी कुजबुजत खेळायचो.

बाबांचा आवाज फार मोठा होता. मागांच्या खडखडाटात बाजूच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ओरडायची सवय लागलेली, ती घरीही सुटायची नाही. मीठ मागायचं तरी ओरडून. नवख्या पाहुण्याला वाटायचं, भांडण चाललंय. सुट्टीच्या दिवशी मात्र सकाळी नळावर आंघोळ करून ते अंगणात खाटेवर बसायचे, आम्हाला महाराजबागेत न्यायचे, वाघाच्या पिंजऱ्यापाशी उभे राहून गोष्टी सांगायचे, आणि दुपार होता होता त्यांचा आवाज हळूहळू खाली यायचा. संध्याकाळी ते चारचौघांसारखं बोलायला लागायचे. दुसऱ्या दिवशी पाळीवरून आले की पुन्हा तोच आवाज. आपल्या बापाचा खरा आवाज आठवड्यातून एकदाच ऐकायला मिळतो, हे लहानपणी मला कळायचं, सांगता यायचं नाही.

ही सुट्टी आली कुठून, तेही त्यांनीच सांगितलं. युनियनच्या सभांमध्ये ऐकलेलं. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चालायचं, आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हतीच. जोतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यात आठवड्याची सुट्टी ही मागणी होती. सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजारांच्या आसपास कामगार सभेला जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे जो रविवार कॅलेंडरवर आपण आयता लाल रंगात छापलेला बघतो, तो कोणीतरी भांडून मिळवलेला आहे.

कामाच्या तासांचंही तसंच. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९३४ च्या कायद्यानं बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास काम घेता यायचं. १९४६ च्या दुरुस्तीनं ते ४८ वर आलं. आमच्या वस्तीत बाबासाहेबांचं नाव घेताना लोक संविधान सांगतात, दीक्षा सांगतात, आणि ते बरोबरच आहे. बाबा मात्र हे सहा तासही सांगायचे. म्हणायचे, "आठवड्याचे सहा तास वाचले पोरी. तेवढ्यात महाराजबाग होऊन जाते."

आता आईचं सांगते, कारण माझं शटर बाबांपेक्षा तिच्यामुळे बंद असतं.

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी घरी मटण व्हायचं. म्हणजे आई पहाटेच उठायची. सुकं खोबरं भाजायचं, खसखस भाजायची, कांदा विस्तवावर काळा होईपर्यंत भाजायचा आणि सगळं पाट्यावर वाटायचं. पाण्याचा हबका मारत मारत ती वरवंटा ओढायची, मसाला लोण्यासारखा मऊ झाला की बोटानं कडा पुसून घ्यायची. मग भाकरी. मग पाहुणे, कारण सुट्टी म्हटलं की पाहुणे आलेच. मग भांडी, आणि आठवडाभराचे मिलचे कपडे, ज्यांच्या शिवणीत कापसाचं पीस अडकून बसलेलं असायचं. बाबांचा आवाज खाली यायचा तेव्हा आई ओट्यावर उभी असायची. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आमच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आला, चुलीपर्यंत पोचला नाही. बाबा माणूस म्हणून फार चांगले होते. त्यांना हे दिसलं नाही, कारण तेव्हा कोणालाच दिसत नव्हतं.

आज तरी दिसतं का? सरकारनं २०२४ मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याचं देशभर सर्वेक्षण केलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. आधीच्या, २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. मी कापडाचा हिशेब करणारी बाई, लगेच गुणाकार करून पाहिला: २८९ मिनिटं रोज म्हणजे आठवड्याला जवळपास ३४ तास. यात मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. ४८ तासांचा कायदा कारखान्याच्या फाटकाशी संपतो. त्यापुढचे हे ३४ तास कोणत्या कायद्यात बसवायचे?

दुकान सुरू केलं तेव्हाच मी ठरवलं की सुट्टी घेईन तर दोन्हीकडची. रविवारी सकाळी माझा मुलगा चौकातून तर्री-पोहे आणतो. दुपारी तो आणि त्याचे बाबा मिळून खिचडी-कढी करतात, कधी वांग्याचं भरीत. भांडीही त्यांचीच. सुरुवातीला सासूबाईंना फार जड गेलं. "पोट्ट्याच्या हाती झारा देते का?" म्हणायच्या. आता कढीत साखर कमी पडली की त्या थेट नातवालाच सांगतात.

"मग दिवसभर करता काय?" हा पुढचा प्रश्न. विचारणाऱ्यांना वाटतं, क्लास घेत असेन, नवीन डिझाइन शिकत असेन, निदान व्हिडिओ तरी बनवत असेन. मी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते. बहिणीकडे जाते. थंडीच्या दिवसांत अंबाझरी तलावावर जाऊन बसते, उन्हाळ्यात कूलरसमोर आडवी होते. काही रविवारी यातलं काहीच होत नाही. वेळ सत्कारणी लावावा असं सगळे सांगतात, आणि मला ते पटत नाही. सहा दिवस माझा वेळ बाह्या, गळे आणि अस्तरांना मापून दिलेला असतो. कोणाचा ब्लाउज कधी, कोणाची पिको कधी, एकेक तास कोणाच्या तरी नावावर. सातवा दिवस कशाला लावला, याची पावती मी कोणाला का द्यावी?

पण तुमची अडचण खरी आहे. तुम्हाला रविवारीच सवड असते आणि मी रविवारीच बंद. सगळ्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेतली तर सुट्टीवाल्यांनी जायचं कुठे? याचा मी खूप विचार केला आहे. आमच्या सकाळच्या पोह्यांमागेही पोहेवाला पहाटेपासून उभा असतोच. तो मंगळवारी गाडी लावत नाही, हे मला माहीत आहे आणि बरं वाटतं. मेयो दवाखान्यात ड्युटी करणाऱ्या एक सिस्टर माझ्याकडे शिवायला टाकतात, त्यांची सुट्टी दर आठवड्याला फिरते. दवाखाना, एसटी, वीज बंद राहून कसं चालेल? ब्लाउजचं तसं नाही. तो सोमवारपर्यंत थांबतो. आपल्या नागपुरात इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, मंगळवारी असे मोहल्लेच आहेत, एकेका वारी भरणाऱ्या बाजारांवरून पडलेले. सगळा बाजार एकाच दिवशी भरला पाहिजे असं या शहराला कधी वाटलं नाही. राज्य सरकारच्या कार्यालयांना तर फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या पुष्कळ गिऱ्हाइकांना शनिवारही मोकळा असतो. बाकीच्यांसाठी मी शनिवारी रात्री नऊपर्यंत दुकान उघडं ठेवते.

आणखी एक गोष्ट आहे, ती गिऱ्हाइकांना दिसत नाही. माझ्याकडे एक पोरगी काजं, हुक, फॉल-पिको करते. या कामात नगावर पैसे द्यायची पद्धत आहे. जितके नग, तितके पैसे. अशा कामात दुकान बंद म्हणजे तिची कमाई बंद, आणि मग माझी सुट्टी म्हणजे तिचा खाडा. दुकानांसाठीच्या २०१७ च्या कायद्यानं सातही दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली, पण कामगाराला आठवड्याची भरपगारी सुट्टी द्यायला सांगितलं. हे कलम आमच्यासारख्या दोघी-तिघींच्या दुकानाला लागू होत नाही. कोणी तपासायला येणार नाही. मी तिला महिन्याचा ठरलेला पगार देते, त्यात रविवार धरलेले असतात. ते पैसे वरून पडत नाहीत. बाजूच्या दुकानापेक्षा माझी शिलाई थोडी जास्त आहे, ती यासाठी. "भाव काऊन जास्त?" असं विचारणाऱ्यांनाही माझं उत्तर हेच.

राहता राहिली लग्नाची घाई. मागच्या उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी नवरीची मावशी आली. सोमवारी लग्न, ब्लाउज दंडात घट्ट झालेला. नवरी रडायच्या बेतात. मावशी म्हणाली, रविवारी तेवढा करून द्या, दुप्पट पैसे घ्या. मी बाही तिथेच उलटी केली. शिवणीत दोन्ही बाजूंनी चांगली दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली होती, ज्यानं शिवला त्यानं नीट शिवला होता. पोरीला घरी पाठवलं, उसवायला बसले, काखेपासून कोपरापर्यंत नवीन टीप मारली, पाइपिंग पुन्हा लावली. मावशी स्टुलावर बसून होती. दहा वाजून गेले होते तेव्हा ब्लाउज तिच्या हातात दिला आणि पैसे नेहमीचेच घेतले. शनिवारची रात्र मी देते. मोसमात पुष्कळदा देते.

तेव्हा घाईचं असेल तर शनिवारी या, आणि मापाचा ब्लाउज सोबत आणा. माप घेण्यात जाणारा वेळ तुमचाही वाचतो, माझाही.