कॉव्हेंट्रीतला नरक आणि आमच्या लेकीचे प्रश्न

इथे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात ब्रॉडगेटच्या दुकानांपासून थोडंसं चाललं की होली ट्रिनिटी चर्च लागतं. आत जाऊन मान वर केली की समोरच्या कमानीवर अख्खा शेवटच्या निवाड्याचा दिवस रंगवलाय, १४३० च्या आसपासचं चित्र आहे. मधोमध येशू इंद्रधनुष्यावर बसून अंगावरच्या जखमा दाखवतोय, मेलेली माणसं थडग्यातून उठतायत, त्याच्या उजव्या बाजूला तरलेले आणि डाव्या बाजूला वाया गेलेले. त्या वाया गेलेल्यांत हातात बियरची भांडी घेतलेल्या बायका आहेत, ह्या म्हणे बियर विकणाऱ्या, मापात पाप करायच्या म्हणून त्यांची वरात थेट नरकाच्या जबड्यात. (बाकी कुठल्या धंद्यात कोणी माप मारतच नव्हतं बहुतेक!) मधली कित्येक वर्षं हे चित्र झाकलेलंच होतं, १८३१ मध्ये सापडलं, मग वरचं व्हार्निश काळं पडून परत दिसेनासं झालं, शेवटी साफसफाई होऊन २००४ पासून लोकांना नीट दिसतंय.

त्या काळी चर्चमधली प्रार्थना लॅटिनमध्ये आणि बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे पोरांना स्वर्ग-नरक समजवायचा तर भिंतच कामाला यायची. आपल्याकडे नाही का, कॅलेंडरवर यमाच्या दरबारात उकळत्या तेलाच्या कढया असायच्या, तसंच. आमची लेक घाबरेल असं मला वाटलेलं, पण तिने खुशाल फोटो काढले.

ती चर्चच्या शाळेत जाते. इंग्लंडमध्ये अशा शाळा भरपूर आहेत, फी-बी काही नाही, सरकारीच खर्च, आणि वर्गात मुसलमान, शीख, हिंदू, काहीच न मानणारे सगळे. तिथे कोणी "पाप केलंस तर जळशील" असं म्हणत नाही. नरक म्हणजे माणसाने स्वतःहून देवापासून तोडून घेणं, असं सांगतात. हे काही पोरांसाठी गोड केलेलं नाही हं, खुद्द पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ मध्ये सांगितलं होतं की नरक ही जागा म्हणण्यापेक्षा ती देवापासून तुटलेल्या माणसाची अवस्था आहे. आणि स्वर्ग म्हणजे ढगावर बसून वीणा वाजवणं पण नाही, बायबलच्या शेवटी नवं आकाश, नवी पृथ्वी असं आहे, मेलेले परत उठणार, देव माणसांमध्ये राहायला येणार. अर्थात सगळे एका सुरात बोलत नाहीत. काही चर्चमध्ये अजूनही कायमची आग म्हणजे कायमची आग.

पण गंमत म्हणजे पोरं नरकावर अडत नाहीत, ती स्वर्गावर अडतात. आपल्याला घरबसल्या वाटतं की तिकडेही चित्रगुप्ताची वही असणार, पुण्य जास्त तर वर, पाप जास्त तर खाली. तसं नाहीये ते. येशूच्या शेजारी क्रूसावर एक गुन्हेगार टांगलेला असतो, तो मरता मरता म्हणतो माझी आठवण ठेव, आणि येशू म्हणतो आजच तू माझ्यासोबत स्वर्गात असशील. झालं, आयुष्यभराचा हिशोब एका वाक्यात माफ. हे ऐकून आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जो राडा झाला! "दिस इज सो अनफेअर, मग चांगलं वागायचंच कशाला?" मी काय सांगणार, मला पण तेच वाटत होतं. ख्रिश्चन लोक म्हणतात स्वर्ग कमवता येत नाही, तो कृपेने मिळतो, चांगलं वागणं हे त्यानंतर आपसूक येतं. आणि तरीही त्याच बायबलमध्ये मत्तयच्या २५ व्या अध्यायात निवाडा कशावर होतो तर भुकेल्याला जेवायला दिलंस का, तुरुंगातल्याला भेटायला गेलास का. आता लावा मेळ.

मला स्वतःला ती कृपा थोडीफार पटली ती त्या चित्रवाल्या चर्चच्या शेजारच्याच पडक्या कॅथेड्रलमध्ये. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बने ते जळालं आणि नंतर वेदीमागच्या भिंतीवर कॅथेड्रलवाल्यांनी कोरलं, 'बापा, क्षमा कर'. कोणाला, ते लिहिलंच नाही. जर्मनांना फक्त असं नको, आपण पण त्यात आलो, असा त्याचा अर्थ सांगतात. तिथे शाळेच्या सहली येतात आणि माझ्या मते ते नरकाचं चित्र दाखवण्यापेक्षा हे दाखवून पोरांना जास्त कळतं.

मग लेकीने खरा प्रश्न काढला, तोही थेट चर्चमधल्या बाईंना: माझी आजी ख्रिश्चन नाही, ती कुठे जाणार? बाई पाद्री आहेत, गळ्यात पांढरी पट्टी वगैरे. त्या म्हणाल्या, निकाल देणं माझं काम नाही, आणि ज्याचं आहे तो माझ्यापेक्षा खूप दयाळू आहे. मला आवडलं. कॅथलिकांनीसुद्धा १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (म्हणजे त्यांच्या बिशपांच्या मोठ्या बैठकीत) मान्य केलंय की ज्यांना येशूची ओळखच झाली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात त्यांचंही तारण होऊ शकतं. दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये विचारलं असतं तर सरळ "येशूशिवाय मार्ग नाही" ऐकायला मिळालं असतं, तेही खरंच.

रविवारी व्हिडिओ कॉलवर लेकीने हे सगळं आजीला रंगवून सांगितलं. आजीला नरकाचं काही नाही, चोराला माफ केलं तेही चाललं, तिचं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीवर. "एकाच जन्मात फायनल? मधे एखादी एटीकेटी पण नाही?"