एका ढालीची दोन वयं

न्यू जर्सीतल्या पुतण्याने नवं घर घेतलं आणि मला फोन केला, "काका, हॉलमध्ये भिंतीवर लावायला एक जुनी ढाल बघा ना. ओरिजिनल हवी." मी भोसरीत सदतीस वर्षं प्लेटिंगचा धंदा केला. त्यामुळे धातूवर सोनं चढलेलं दिसलं की घरचे लोक माझ्याकडेच बघतात.

मुंबईत मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात ढाल मिळाली. पोलादी, गोल, साधारण दीड फूट व्यासाची. काठाला वेलबुट्टी, मध्ये शिकारीचा देखावा आणि चार टप्पोरी फुलं. दुकानदाराने जुन्या टॉवेलातून ती काढली आणि म्हणाला, "साब, शिवाजी महाराज के टाइम का माल है." किंमत एक लाख चाळीस हजार.

खिशातलं भिंग काढून काठ बघितला. सोनं जिथे झिजलं होतं तिथे खालच्या पोलादावर बारीक उभ्या-आडव्या-तिरप्या रेघा होत्या, कानशीच्या दातांसारख्या. मी मनात म्हटलं, शाब्बास! ही कोफ्तगिरी. पोलाद आधी खरवडून खरखरीत करायचं, त्यावर सोन्याची केसाएवढी तार नक्षीप्रमाणे बसवत हलक्या हाताने ठोकायची, मग तापवून अकीकच्या दगडाने घासायची. तारा एकमेकींत मिसळून पत्र्यासारख्या दिसतात, पण भिंगाखाली एकेक तार वेगळी सापडते. आमच्या प्लेटिंगच्या टाकीत चढवलेलं सोनं असं नसतं. ते सगळीकडे सारखं पसरतं, झिजलं की खाली रेघा नाहीत, निकेल किंवा तांबं दिसतं. ढाल नकली नव्हती, एवढं कळलं.

मग ती उलटी केली. हौशी लोक समोरची नक्षी बघतात, पण ढालीची खरी हकिकत मागे असते. ती चार फुलं शोभेपुरती नसतात. त्यांच्यातून आलेले रिबिट मागे कड्या धरून ठेवतात, कड्यांत दोन पट्टे. दोन्ही पट्टे एकाच मुठीत धरायचे, बोटांची हाडं मधल्या गादीवर टेकतात. मी मूठ घालायला गेलो तर चार बोटं आत जाईनात. माझे हात काही पहिलवानाचे नाहीत. गादीही सुपारीएवढी. पत्राही पातळ, टिचकी मारली तर ताटलीसारखी वाजली.

म्हणजे ही कुणाच्या हातात कधी नव्हतीच. 1878 च्या हत्यारबंदी कायद्यानंतर शस्त्रांची मागणी आटली आणि सियालकोट, जयपूरसारख्या ठिकाणचे कारागीर साहेब लोकांसाठी आणि प्रदर्शनांसाठी भिंतीवर टांगायच्या ढाली करू लागले. ही त्यातलीच असावी. मला त्यात कमीपणा वाटत नाही. शिकारीतल्या हरणाच्या शेपटीचा एकेक केस सोन्यात होता! लढाईतल्या ढालीवर इतकं काम करून घेतलं तरी पहिल्या वारातच चरा पडणार. रणांगणावर कातड्याच्या ढालीही भरपूर असत, त्यांत गेंड्याची सर्वांत मोलाची. (तसली कुणी विकायला आणली तर हातही लावू नका, वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे.)

मी दुकानदाराला म्हटलं, "महाराजांच्या काळची नाही, पण चांगली आहे. अमेरिकेला पाठवायची होती." तो लगेच वळला. "कुछ टेन्शन नहीं साब, नया हँडिक्राफ्ट का बिल बना देंगे. राजस्थान का, पिछले साल का."

मला हसूच आलं. पैसे घेताना साडेतीनशे वर्षांची आणि कस्टमसमोर गेल्या वर्षीची! 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही, आणि इथे विकायलाही परवाना लागतो. परवाना दाखवा म्हटलं, तर त्याने चहा मागवला.

चहा घेतला, नाही म्हणालो, ढाल पुन्हा टॉवेलात गेली.

रात्री पुतण्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग त्या बिलात लिहिलंय तशीच घ्या ना. खरोखर गेल्या वर्षीची." तेही खरंच. उदयपूरला कोफ्तगिरी करणारे आजही आहेत. दिवाळीनंतर जाईन म्हणतो. भिंग घेऊन, आणि आधी मूठ घालून बघणार.