पाणी कुठपर्यंत येतं?

रिचमंडचं घर विकून आम्ही व्हर्जिनियातल्या मॅथ्यूज काउंटीत राहायला आलो, त्याला आता दोन वर्षं होतील. वस्ती साडेआठ हजारांच्या आसपास, अख्ख्या काउंटीत एकही ट्रॅफिक सिग्नल नाही, आणि जिकडे जावं तिकडे चेसापीक उपसागराचा एखादा फाटा आत शिरलेला. माझं लहानपण मालवणजवळच्या आचऱ्याला खाडीकाठी गेलं. पहिल्यांदा इथे आलो तेव्हा गाडीचं दार उघडताच खाजणाचा तो ओळखीचा वास आला आणि माझं ठरून गेलं. पण मनाजोगतं घर मिळायला आठ महिने लागले.

पहिलं घर सोडावं लागलं ते सेप्टिक टँकमुळे. मधलं गाव सोडलं तर इथे सांडपाण्याची लाइन नाही. ज्याने त्याने आपल्याच जमिनीत पाणी जिरवायचं. जाहिरातीत चार बेडरूम लिहिल्या होत्या. आरोग्य खात्याकडून जुना परवाना मागवला तर तो दोनच बेडरूमचा! व्हर्जिनियात सेप्टिकची क्षमता बेडरूमवर मोजतात, दर बेडरूममागे दिवसाला 150 गॅलन. आम्ही पाच माणसं. वाढीव परवानगी मिळण्याइतकी कोरडी जमीन त्या प्लॉटवर नव्हती. एजंटने हे आधी सांगायला हवं होतं, त्याचा राग मला अजून आहे. घर बघायच्या आधी हा परवाना मागवा, तो सगळ्यांना बघता येतो. बोअरवेलचं पाणीही तपासून घ्या; काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयामार्फत कमी खर्चात तपासणी करून मिळते.

दुसरं घर आवडलं तेव्हा आईला फोनवर फोटो दाखवले. तिने घराकडे नीट बघितलंही नाही. म्हणाली, "पाणी खंयसर येता, ता आधी शेजाऱ्याक इचार. मगे पैशे दी."

मी कागदांच्या मागे लागले होते. घर पूरक्षेत्रात, म्हणून बँकेला पूरविमा हवाच होता. विम्याचा पहिला आकडा ऐकून आम्ही गप्पच झालो. मग कळलं की विकणाऱ्याची चालू सरकारी पॉलिसी आपल्या नावावर करून घेता येते आणि त्याची हप्त्यातली सवलतही आपल्याकडे येते. उंचीचा दाखलाही काढला. सर्व्हेअर येऊन जोतं किती उंच आहे ते मोजतो. तो सक्तीचा नव्हता, पण मला तो आकडा हवा होता: राहता मजला पूरपातळीच्या दोन फूट वर. ही पातळी म्हणजे ज्या पुराची शक्यता दर वर्षी एक टक्का असते, त्याची.

तरी आईचं ऐकलं. शेजारी सत्तरीचे, आयुष्य खेकडे आणि कालवं पकडण्यात गेलेलं. त्यांनी मला त्यांच्या अवजारांच्या शेडमध्ये नेलं, भिंतीवर टांगलेली जाळी बाजूला केली. मागे लाकडावर सुताराच्या पेन्सिलीची आडवी रेघ आणि खाली तारीख, 18 सप्टेंबर 2003. इझाबेल वादळाचं पाणी. रेघ माझ्या कमरेला लागत होती. मग ते मला आमच्या होऊ घातलेल्या घराच्या पायऱ्यांपाशी घेऊन आले आणि तिसऱ्या पायरीवर बूट ठेवून म्हणाले, इथपर्यंत आलं होतं. वर दोन पायऱ्या कोरड्या राहिल्या होत्या. खरेदीचा निर्णय मी त्या पायरीवर घेतला.

भरतीचं गणितही त्यांनीच शिकवलं. मालवणकडे उधाणाला पाणी सहा फुटांच्या आसपास चढतं-उतरतं; इथे एरवी जेमतेम दोन-अडीच फूट. पण ईशान्येचा वारा दोन दिवस धरून राहिला की उपसागराचं पाणी आत ढकललं जातं आणि ओहोटीलाही उतरत नाही. समुद्र चढतोय आणि इथली जमीनही खचतेय. रस्त्याच्या कडेला खारं पाणी मुळाशी लागून मेलेले पाइन उभे आहेत, साल गळून पांढरेफटक झालेले. ते बघितले की पोटात कालवतं.

आता काठ वाचवायची खटपट चालू आहे. मला दगडी बांध घालायचा होता. पण 2020 पासून राज्याचा नियम असा की जिथे शक्य आहे तिथे गवत लावून जिवंत काठच करायचा. काठापासून 100 फुटांतली झाडंही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सुरुवातीला मला हे जाचक वाटलं. मग आचऱ्याचं खाजण आठवलं, त्यात लाटांचा जोर कसा जिरायचा ते आठवलं, आणि आता मी मनापासून या नियमाच्या बाजूची आहे. एकच अर्ज राज्याच्या सागरी आयोगाकडे करायचा, तिथून तो काउंटीच्या पाणथळ मंडळाकडे आणि लष्कराच्या अभियंत्यांकडे जातो. आमची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. गवताची रोपं वसंतात लावायची, शेजारी मदतीला येणार आहेत.