१९३० सालचा कागद मागणारे टेबल

खानापूर तालुक्यात, भीमगडच्या बाजूच्या जंगलात राहणाऱ्या धनगर गवळ्यांच्या एका वाड्याचे, म्हणजे वस्तीचे, वनहक्क दावे भरण्यास मी मदत केली. ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समितीची पाहणी आणि नकाशा हे सारे विनातक्रार झाले. दावे अडले ते वरच्या एका कार्यालयात, एकाच टेबलावर.

हा समाज कर्नाटकात अनुसूचित जमातींच्या यादीत नाही. त्यामुळे २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि हिशेब थेट १९३० पर्यंत मागे जातो. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि म्हशींमागे रान बदलणाऱ्या माणसाच्या नावावर उतारा असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही टेबलापलीकडचे गृहस्थ दर खेपेस विचारीत, "त्या सालचा कागद कुठे आहे?" वास्तविक या कायद्याखालील नियम १३ मध्ये दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी घरे, विहिरी, देवस्थाने हे सर्व पुरावे म्हणून नमूद आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट कागदाचाच आग्रह धरता येत नाही. मी नियमाची प्रत पुढे केली, तर ती कन्नडमध्ये आणण्यास सांगण्यात आले. तशी नेली, तर साहेब दौऱ्यावर होते.

जबाब घेताना वाड्यावरच बसावे, कार्यालयात नव्हे. वाड्यावरील आज्जींना साल विचारले की त्या गप्प होत, "आधीचा वाडा कोणत्या पाण्यावर होता?" असे विचारताच त्यांनी सासऱ्यांच्या वडिलांपासूनची ठिकाणे क्रमाने सांगितली. त्यांतील एका जागी कारवीच्या जाळीत दगडी जोते आणि जात्याची खालची तळी सापडली. त्याचा पंचनामा जोडल्यावर मात्र त्या टेबलाला दावे जिल्हा समितीकडे पाठवावेच लागले, आणि मला त्याचे समाधान, खरे सांगायचे तर थोडा सूडाचा आनंदही झाला.

प्रत्येक कागदाची पोच घ्यावी, हे आधीच सांगायला हवे होते. दावा फेटाळल्यास कारणांसह लेखी मागावे. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येते. विवाहित दावेदाराचे हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे निघते, म्हणून अर्जावरही दोघांची नावे आणि सह्या वा अंगठे असू द्यावेत.